शेळी मधी आली

१७ नोव्हेंबर १९४३

शेळी मधी आली! माधवनगरचा रस्ता, दिवस मावळतीला, आन् हे धनगर जनावरं मोकळी सोडून बसत्यात. म्या दाबून ब्रेक मारला. तरी धप्प झालं. चाकाम्होरं काळं काय तरी पडल्यालं दिसलं. उतरायला लागलो तर डाक्टर म्हणाले, "नाथाजी, तुम्ही बसून राहा." सवताच उतरले. लय येळ लावला. धनगर तर असा वराडत व्हता — एका शेळीपायी एवढं?

डाक्टर परत आले. हाताला रगत. "शेळी होती," म्हणाले. आन् वर मलाच — "तुम्ही पायी घरी चला, गाडी मी आणतो."

पायी! मागल्या लढाईत बसऱ्याला पलटणीची लारी हाकली म्या. आज पंचवीस वर्सं हातात चाक हाय. आन् शेळीपायी मला दोन मैल चालवलं! डाक्टरला धड गियर टाकता येत न्हाई. इंजनाचं वाटूळं केलं आसंल.

१८ नोव्हेंबर

धनगरांचं कोण आलं न्हाई. शेळी मेली की दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती दारात येती. बाया म्होरं, शिव्या देत. आज एक माणूस न्हाई. म्हंजी चूक कुणाची ते त्यांस्नी ठावं हाय.

२२ नोव्हेंबर

गाडी बंद. डाक्टर म्हणाले लढाईमुळं पेट्रोल मिळत न्हाई. म्हटलं, पेठंतल्या डाक्टरला कसं मिळतंय? तर म्हणाले, "आपल्याला नाही मिळत." झालं! ह्यो माणूस नाडी बघताना गोड बोलणार, कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटणार न्हाई.

चावी माझ्याच कडदोऱ्याला हाय. मागितली न्हाई. मागितली असती तरी दिली नसती.

वही मातूर लिवणार. पलटणीत शिकवलंय — गाडी फिरो न फिरो, वही लिवायची. आज मैल शून्य.

२९ नोव्हेंबर

शून्य.

थू! काय दिवस आले! डाक्टरनं सायकल घेतली. घेऊ दे. पर माझ्यासाठी काय आणलं? बेकरीवाल्याची तीनचाकी! लढाईत मैदा मिळंना, त्यानं बेकरी बंद केली, ती त्याची पेटीची गाडी. म्होरं हे मोठं लाकडी खोकं, त्येच्यावर रंगानं लिवलंय — ताजा पाव. औषधं, पट्ट्या, सगळं त्यात घालायचं आन् डाक्टरच्या मागनं पायडल मारायचं.

आकाराम कंपौंडर दारात हुबा राहून म्हणतो, "तात्या, दोन पाव द्या की, ताजं बघून!"

म्हटलं, तुझ्या बाकडं माग.

साळूबाई बी हसली. आपली बायको! मग पदर तोंडाला लावून म्हणती, "आवं, बसून राहण्यापरीस बरं."

खाकी कोट घालूनच निघालो. पाववाला तर पाववाला, पर कोट घालूनच.

२ डिसेंबर

गुडघं पेटल्यात. माधवनगरला जाऊन यायला मोटारीचा पाऊण तास लागायचा, चहापाणी धरून. आज दीड पहर गेला. गिरणीच्या चाळीतली पोरं पेटीमागं पळत्यात. एका बाईनं तर भांडंच आणलं — "पाववालं, बटर हाईत का?"

डाक्टरची तर आणखीनच तऱ्हा. सायकलच्या मागं पांढरा टावेल बांधल्याला, लगीनघरच्यावाणी! का, तर म्हणे घाम पुसायला. आन् घंटी! खड्डा आला — घंटी. बैलगाडी आली — घंटी. वळण आलं की दोनदा. रस्ता मोकळा असला तरी टिंग टिंग. एवढा शिकल्याला माणूस! पोराला नवी सायकल घेतल्यावर पोरगं करतंय तसं.

६ डिसेंबर

शून्य. गाडी पुसली.

११ डिसेंबर

धनगरांच्या पालांवर गेलो. उसाच्या रानाकडंला मेंढरं बसवल्यात खतासाठी. तिथं धुळा म्हणून गडी हाय, तंगडी मोडून पडलाय. झाडावर चढून डहाळं तोडताना पडला म्हणं. डाक्टर आठवड्यातनं दोनदा जाणार, सवता पट्टी बघणार. एवढी बडदास्त पैसंवाल्या पेशंटाची न्हाई केली कवा!

मी पेटी वढत चिखलातनं मेलो. आन् ह्या लोकांस्नी रीतभात न्हाई. त्येची बायको धोंडुबाई डाक्टरला तांब्याभर दूध देती. मला पाणी बी न्हाई. उलट असं बघती की जणू मीच तिची मेंढरं चोरली. म्हटलं, "बाई, घोटभर पाणी." तर उठून पलीकडं गेली. मग त्यो धुळाच वराडला, "ए, तात्यास्नी पाणी दे!" तवा आणलं. आदळलंच म्होरं.

किळस येती असल्या माणसांची.

१९ डिसेंबर

लढाईनं सगळंच पातळ केलंय. ह्या वहीच्या रेघा बी छापल्यात का न्हाई कळत न्हाई. कंदिलाची काच साळूबाई धड पुसत न्हाई. म्हटलं तर म्हणती, "काच साफ हाय. तुमच्या डोळ्यांत सारा पडलाय, मोतीबिंदूचा." बाईमाणूस! इकडं घासलेटात पाणी घालत्यात त्येचं काय?

आता मोठं अक्षर काढून लिवतो.

२८ डिसेंबर

आज जरा बरं वाटलं. कोळशाच्या ग्यासवर चालणारी सर्विस मोटार चढाला बंद पडली. मागं भट्टी, पाटीभर कोळसं, ड्रायव्हर आन् किलीनर दोघं बी काळं तोंड करून पंखा फिरवत्यात. उतारू खाली हुबे. आन् आमी आलो बाजूनं. डाक्टर म्होरं टिंग टिंग, मी मागनं. ड्रायव्हर वळखीचा. म्हणाला, "तात्या, म्हातारपणी पाव इकता व्हय?"

म्हटलं, "व्हय. पर पोचतो तरी!"

लय हसली माणसं. मला बी हसू आलं. मग राग आला. ह्यात हसण्यासारखं काय हाय? मी काय पाववाला हाय?

४ जानेवारी १९४४

चाळीतल्या अंबूबाईला छातीत कफ. म्हातारी चालंना. डाक्टर म्हणाले पेटीत बसवा. खालती वाकळ टाकली, बसवली. म्हातारी पेटीच्या काठाला धरून गावाला हात करत आली. "मोटारीत वकारी येती बाबा. ह्यात वारं लागतंय." दवाखान्यात उतरताना माझ्या गालावरनं हात फिरवला तिनं. पंचवीस वर्सं मोटार हाकली, गालावरनं हात कुणी फिरवला नव्हता.

तरी गाडी ती गाडीच.

१० जानेवारी

शून्य. रोज दिवस मावळायच्या आत घरी आणत्यात डाक्टर मला. कोंबडीवाणी!

१६ जानेवारी

धनगरांची मेंढरं म्होरं गेली. फकस्त धुळाचं एक पाल मागं राहिलंय, पायापायी. एकलं पाल माळावर कसं दिसतंय. धोंडुबाईनं आज पाणी दिलं, न मागता. तोंड मातूर फिरवूनच.

२७ जानेवारी

गेलो! डाक्टर जात न्हाईत तर म्या गेलो. इश्रामबागेला पेट्रोलच्या कुपनाची कचेरी हाय तिथं. कोट घातला, पट्टा आवळला. भाऊसो म्हणून कारकून हाय. म्हटलं, "डाक्टरच्या गाडीला थेंब न्हाई आन् सावकारांच्या गाड्या कशा फिरत्यात?" टेबलावर हात आपटला.

त्यानं वही काढली. म्हणाला, "आवं, तुमच्या डाक्टरांची कुपनं दर महिन्याला निघत्यात. तेच परत पाठवत्यात."

"कवापासनं?"

"नोव्हेंबरपासनं. ही बघा की सही."

वही म्होरं सरकवली. मला काय दिसलं न्हाई. त्या कचेरीत अंधारच लय.

नोव्हेंबरपासनं! दोन महिनं मला गावभर पाववाला करून फिरवलं — पेट्रोल असताना!

२८ जानेवारी

समोरासमोर इचारलं. "डाक्टर, पेट्रोल हाय. मग गाडी का न्हाई?"

चष्मा काढला. पुसला. परत घातला. "गाडी नको वाटते."

"का?"

"नको वाटते, नाथाजी. सायकलीनं काय अडलंय आपलं?"

मला कळतंय सगळं. नवा ड्रायव्हर आणायचाय, जवान. म्हाताऱ्याला तोंडावर सांगायची हिंमत न्हाई म्हणून ह्यो खेळ. मी जाईन म्हणून वाट बघत्यात. पंचवीस वर्सं ह्येंची पोरं शाळंत सोडली, बाईसाहेबांच्या आईला सरणाला नेलं ते बी ह्याच गाडीनं. आन् मला असं? थू!

एका शेळीनं केलं हे सगळं. त्या रातीपासनं गाडी बंद.

परवा धुळाचं पिलास्टर काढायचं हाय. त्येला आणतो, परत पोचवतो, आन् चावी डाक्टरच्या तोंडावर टाकतो. दुसऱ्या दिवसापासनं त्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई. साळूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग खाणार काय, कोट?" म्हटलं, व्हय, कोट.

३० जानेवारी

धुळाला पेटीत घालून परत नेत व्हतो. डाक्टर म्होरं. माझं डोस्कं फिरल्यालंच. म्हटलं, "गड्या, त्या दिवशी तुमच्यातल्या कुणाची ती शेळी मेली? तिच्यापायी माझी गाडी गेली बघ."

त्यानं डाक्टर लांब गेल्यालं बघितलं. मग म्हणाला, "आवं तात्या, आमची एक बी शेळी मेली न्हाई. म्या बसलो व्हतो रस्त्यात, काळं घोंगडं घेऊन. डाक्टरास्नी शबुद दिलाय. तुमी सांगू नगासा."

३१ जानेवारी

चावी टेबलावर ठेवली. टाकली न्हाई.  पेटी भरली, टावेलाची गाठ सैल झाली व्हती ती आवळली.

निघताना म्हटलं — डाक्टर, घंटी वाजवत चला. मला म्होरचं दिसत न्हाई.