सातव्या चित्राचे वर्णन

प्रति,
मा. ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय.

विषय : 'फोनवर वाचन' ही सेवा बंद न करणे व ऑनलाइन मार्गदर्शिकेतील चित्रांना लेखी वर्णन जोडणे.

संदर्भ : आपली ३ तारखेची सूचना.

महोदया,

१. अर्जदार ही सभासद क्र. ४४१७ यांची मुलगी. वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. नजर गेल्यावर ते आपली मार्गदर्शिका संगणकाच्या आवाजात ऐकत. गेल्या महिन्यात ते वारले.

२. मार्गदर्शिकेत बावन्न चित्रे असून एकालाही वर्णन नाही. चित्र आले की संगणक 'चित्र' एवढेच म्हणतो आणि पुढे जातो. वडील त्याला 'आमचे हेडक्लार्क' म्हणत. म्हणून रोज संध्याकाळी सात ते आठ अर्जदार स्वतःच्या घरी तेच पान उघडून त्यांना फोनवर चित्रे सांगत असे. त्यातही ते दुरुस्त्या काढत. "सुंदर इमारत म्हणू नकोस. दार कुठल्या बाजूला, ते सांग."

३. सातव्या चित्राच्या दिवशी अर्जदाराला घाई होती. निळ्या पट्टीवर फुलांची वेल दिसली. "काही नाही बाबा, नुसती सजावट आहे," असे तिने सांगितले. "बरं, पुढे," ते म्हणाले.

४. आपल्या सूचनेनुसार, फोनवर पुस्तक वाचून दाखवण्याची सेवा दोन वर्षांत एकाही दृष्टिहीन सभासदाने मागितली नाही, सबब ती महिनाअखेर बंद होणार आहे. अर्जदाराने या सेवेची माहिती शोधली. ती संपूर्ण मार्गदर्शिकेत एकाच ठिकाणी आहे : सातव्या चित्रात, वेलीखाली, बारीक अक्षरांत. ज्यांना दिसत नाही त्यांची सेवा फक्त दिसणाऱ्यांना कळावी, अशी ही व्यवस्था आहे. यात अर्धी चूक आपल्या कार्यालयाची आहे. उरलेली अर्धी अर्जदाराची.

५. अर्जदाराने चित्रातल्या त्या क्रमांकावर फोन केला. वाचक बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला आणि कोणते पुस्तक वाचू, असे विचारले. अर्जदाराला एकही नाव सुचेना. "सावकाश सांगा हो," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं मी इथेच बसलेय." वडीलही दोन वर्षे घरी बसूनच होते.

६. तरी विनंती, की सेवा चालू ठेवावी व सातव्या चित्राला सोबतचे वर्णन त्वरित जोडावे. त्यात विशेषणे नाहीत. फोन क्रमांक सुरुवातीलाच आहे. राहिलेल्या एकोणीस चित्रांची वर्णने अर्जदार लिहून देईल. संध्याकाळी सात ते आठ हा वेळ तिच्याकडे आता मोकळा असतो.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
अर्जदार
(सभासद क्र. ४४१७ यांची मुलगी)

दिनांक : १२ फेब्रुवारी

सोबत :
१. बत्तीस चित्रांची वर्णने, वडिलांच्या दुरुस्त्यांसह.
२. सातव्या चित्राचे वर्णन. हे तपासून घेता आले नाही.