नलूमावशीच्या हातातलं वाण

प्रिय सुधाकर,

आज तुझ्या घरी वाद हरून आलो. तोही आपल्या ‘बंद लिफ्ट’ मालिकेवरचा! तुझ्याकडून हरलो असतो तर आठवडाभर फोन केला नसता. पण हरवलं कोणी, हे तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. म्हणून लिहायला बसलो.

आधी माझी तक्रार ऐक. नलूमावशीचा निकाल लागायच्या आत तू गेलासच कसा? बाई राहते तळमजल्यावर, लिफ्टची तिला काडीची गरज नाही आणि लिफ्ट बंद म्हणून अख्खी बिल्डिंग तीच डोक्यावर घेते. तुझ्या मते असं पात्र दुसरं झालं नाही. माझ्या मते ती लेखकाची चूक होती. पहिल्या भागात मावशी चक्क दुसऱ्या मजल्यावरून उतरताना दिसते. जिन्याची भिंत तिथे हिरवी आहे, तळमजल्याची पिवळी. म्हणजे आधी ती वर राहायची, मग लेखक विसरला. मी चित्र थांबवून तुला भिंत दाखवली, तर तू काय म्हणालास?

“काहून बे, तू मावशी पाहतो का भिंत पाहतो?”

दोन्ही पाहतो! टीव्ही दुरुस्ती मला कोणी शिकवली नाही, बिघडलेले संच उघडून-उघडून शिकलो. ज्याला आतली बारीक तार दिसते, त्याला भिंतीचा रंग दिसणारच.

तुझी ती परीक्षा मात्र मी आजही वापरतो. एका पात्राचं वाक्य उचलायचं आणि दुसऱ्याच्या तोंडी घालून पाहायचं. तिथेही हसू आलं तर तो नुसता विनोद. नाही आलं तर ते खरं पात्र. इतवारीत भांडी विकणाऱ्या माणसाला हे सुचलं यात नवल नाही. जे झाकण कोणत्याही गंजावर, कोणत्याही पातेल्यावर बसतं ते कोणत्याच गंजाचं नसतं, असं तू गिऱ्हाइकालाही सांगायचास. पुढे लेखकांनी मावशीला शहाणी केली, ती डोळे पुसत सगळ्यांना उपदेश करायला लागली, तेव्हा तू रिमोट गादीवर आपटलास. “आता ही कोणाचीही मावशी झाली गा,” म्हणालास. त्या दिवशी तुझा चहा तसाच राहिला. एखादा माणूस गमावल्यासारखा बसला होतास.

आणि शालिनीवहिनी? त्या आतल्या खोलीत मेथी निवडत बसायच्या. तर्री-पोहे आणून द्यायच्या आणि परत आत. त्यांना यात रस नाही, हे आपण दोघांनी धरूनच चाललो होतो. आपलं एकमत झालेली ती एकच गोष्ट असेल.

तुझी शोकसभा कशी झाली ते तुला कोण सांगणार? व्यापाऱ्यांपैकी एकजण उठले आणि म्हणाले, सुधाकरभाऊ शांत, मितभाषी, कधी कोणाचं मन न दुखवणारे. मी ते सगळं मनातल्या मनात दुसऱ्या दोघा-तिघांवर घालून पाहिलं. सगळ्यांना बसलं! मग मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, माफ करा, हे पात्र चुकलं. चार माणसांच्या घरात एवढा मोठा गंज काय आंघोळीला नेता का, असं विचारून हा माणूस विकला गेलेला माल परत मांडणीवर ठेवायचा. हा नलूमावशीवर बोलायला लागला की समोरचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन खरेदी करून यायचं आणि पुढचं ऐकायला पुन्हा इथेच उभं राहायचं.

शेजारी बसलेला आपला दोस्त, भिवापूरचा गजू, माझा सदरा खाली ओढत होता. आणि बायकांच्या बाजूने हसू ऐकू आलं. वहिनी हसत होत्या. आधी पदराआड, मग पदर बाजूला ठेवून. मग काय, अख्खी सभा हसली. तुझ्या शोकसभेत!

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला, रविवारी या म्हणून. आज गजूला घेऊन गेलो. जाताना ठरवलं होतं, वहिनी जे म्हणतील त्याला हो म्हणायचं. त्या म्हणाल्या, मावशी कधीच वर राहत नव्हती, लेखकाचं काही चुकलं नाही. मी मान डोलावली, बरोबर आहे म्हणालो.

त्यांनी पोह्यांची बशी माझ्या हातात येता-येता परत ओढून घेतली.

“भाऊजी, हे गेल्यापासून जो येते तो माझं मान्य करून राहिला. या घरात कोणी भांडायलेच तयार नाही. तुम्ही पण असेच वागणार असाल तर पोहे गजूभाऊले देतो.”

सुधाकर, मग मी भांडलो! भिंत काढली. हिरवी, पिवळी, सगळं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“भिंत दिसली, मग तिच्या हातातलं वाण नाही दिसलं? वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाले गेली होती ती.”

तो भाग तिथेच लावला. होतं रे. पदराखालून अर्धी बाहेर आलेली स्टीलची वाटी. इतकी वर्षं मी त्या वाटीच्या मागची भिंत पाहत होतो.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी सावरलो असतो. पण पुढे म्हणाल्या, लिफ्ट मावशीच्या कामाची नाही, तिचं भांडण कामाचं आहे. लिफ्ट सुरू असली तर वरचे लोक दारावरून सरळ निघून जातील. भांडायला लागली की दोन माणसं तिच्यापाशी थांबतात. गजू ज्याच्या-त्याच्या विनोदाला हसणारा, तोही पोहे खायचा थांबला.

हे सगळं त्या मेथी निवडता-निवडता ठरवून बसल्या होत्या, आणि आपण एकदाही विचारलं नाही. तुला तरी माहीत होतं का रे?

निघताना त्यांनी नवा प्रश्न दिलाय. शेवटच्या भागात लिफ्ट सुरू होते, सगळे बसतात, मावशी दारात उभी राहते. ती काहून बसली नाही? रविवारपर्यंत उत्तर हवंय, आणि माझ्याकडे अजून काही नाही.

तुला शब्द देतो. वहिनींची कीव करून त्यांचा एकही मुद्दा मी मान्य करणार नाही. खरोखर हरलो तरच हरेन, तेही पोहे संपल्यावर. तुझी बाजूसुद्धा दर वेळी मांडत जाईन. फक्त ती चुकीची आहे, हे आधी सांगून.

तुझा, अजून पूर्ण न हरलेला,
प्रमोद टीव्हीवाला