दुसरा जबाब

नेरूळ,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अभयदादा,

सप्रेम जय भीम.

तुझ्या नव्या बोटीच्या उद्घाटनाचं आमंत्रण मिळालं. आईने ते कार्ड शोकेसच्या काचेला टेकवून ठेवलंय, येईल त्याला दाखवते. तिचं बी.पी. ठीक आहे, गुडघा दुखतो. बाबा उरणच्या कंटेनर यार्डात गेटवर असतात, सकाळची ड्यूटी. मी बसडेपोत बॅटरी सेक्शनलाच आहे, म्हणजे महिनाअखेरपर्यंत तरी आहे. त्याचं पुढे लिहिते.

बाबा उद्घाटनाला येणार नाहीत. मीही नाही. आई यायला निघेल, तिला कसं थांबवायचं ते तू बघ.

फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणते. नेहमी असंच होतं. म्हणून कागद घेतला.

पेपरातली तुझी मुलाखत वाचली. जुन्या स्पीडबोटीचं पेट्रोल इंजिन काढून तिथे मोटर बसवायची कल्पना तुझीच होती, ते खरंच आहे. पण तळवलीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ महिने कोण होतं, हे त्यात कुठेच आलं नाही. तू शनिवारी यायचास, फोटो काढायचास. मी डेपोतून सुटून तिथे जायचे. मोटर, कंट्रोलर, बॅटरीचे खोके, सगळं मी जोडलं. पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा मागच्या वजनाने बोटीने नाक वर केलं आणि पुढचं काही दिसेना. तू लॅपटॉप उघडून बसलास. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले, हाताने बोट हलवून बघितली आणि म्हणाले, दोन खोके पुढं घ्या. घेतले. बोट सपाट धावली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटी चालवलेला माणूस होता तो. त्या दिवशी मोटरचा आवाजच येत नाही म्हणून सारखा मागे वळून बघत होता आणि हसत होता. मुलाखतीत तू म्हटलंयस, ‘वजनाचं गणित सोडवायला आम्हाला तीन आठवडे लागले.’

हे मनाला लागलं, पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

गेल्या महिन्यात तू मला नव्या बोटीचं ड्रॉइंग पाठवलंस, नजर टाक आणि ओके कळव म्हणून. मी नजर टाकली. वीज पाण्यात गळायला लागली तर सगळं आपोआप बंद करणारा रिले त्यात आहे, पण त्याच्या शेजारी तो बाजूला ठेवायचा स्विचही आहे. मी तुला विचारलं, हा कशाला? तू लिहिलंस, ‘पॅसेंजर असताना मध्येच बोट बंद पडली तर नाव खराब होतं. तुला माहीतच आहे.’

मला माहीतच आहे. ते तीन शब्द वाचून मी डेपोच्या बाथरूममध्ये जाऊन बसले.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. सकाळी ट्रायलला रिले तीनदा पडला, तीनदा बोट बंद झाली. बाबांनी तीनदा रिसेटचं बटण दाबलं आणि मला सांगितलं, बाय, काय तरी गळतंय, आज नको. मी तुला तेच सांगितलं. एखाद्या कनेक्टरमध्ये खारं पाणी शिरलं होतं, सगळे उघडून सुकवायला एक दिवस लागला असता. तू म्हणालास, पैसे लावणारे पाहुणे चार वाजता येतायत, पुन्हा येणार नाहीत. मग मी वीतभर वायर घेतली आणि रिलेच्या दोन टोकांना जोडून टाकली, म्हणजे रिले असून नसल्यासारखा झाला. अर्धं मिनिट लागलं. तू शेजारी टॉर्च धरून उभा होतास. बाबा तेव्हा जेट्टीवर पाहुण्यांसाठी लाइफ जॅकेट मोजत होते.

खाडीच्या मध्यावर धूर आला. बाबांनी चौघा पाहुण्यांना आणि त्यांच्यातल्या एकाच्या लहान मुलीला पुढच्या टोकाला बसवलं आणि मागे जाऊन मेन प्लग हाताने उपसून काढला. तो उपसला म्हणून बोट पेटली नाही. करावेच्या एका मच्छीवाल्याने सगळ्यांना किनाऱ्याला आणलं. बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. आता त्या हाताची मूठ वळत नाही. शर्टाची बटणं आई लावते.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब हॉस्पिटलमध्ये आले. त्याआधी पॅसेजमध्ये तू मला समजावलंस. माझं नाव आलं तर माझं वायरमनचं लायसन्स जाईल, तुझं आलं तर प्रोजेक्ट जाईल, बाबांचं वय बघून त्यांना कुणी काही करणार नाही. मी जबाबात लिहून दिलं की चालकाने इशारा मिळूनही वारंवार रिसेट दाबला. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. फक्त वायर नव्हती. बाबांचं बोट चालवायचं लायसन्स गेलं, तुझी कंपनी उभी राहिली.

इथपर्यंत तुला सगळं ठाऊक आहे. पुढचं नाही.

साहेब गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, माझ्या बटण दाबण्यानं झालं काय गं? मी हो म्हटलं. तू औषधं आणायला खाली गेला होतास. म्हणजे हे तुझ्या सांगण्यावरून नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं. पावणेदोन वर्षं तो माणूस हेच धरून बसलाय. आपण समजत होतो, बाबा आपल्यासाठी गप्प आहेत. ते गप्प होते कारण त्यांना ते खरं वाटत होतं.

गुरुवारी मी सुट्टी घेऊन उरणला गेले. ड्यूटी संपल्यावर बाबा गेटबाहेर आले, आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. मी सगळं सांगितलं, वायरसकट. त्यांनी डाव्या हातातला ग्लास खाली ठेवला.

“मंग बटनामुळं नव्हतं?”

“नाही.”

“तुला तवाच म्हाईत होतं?”

“हो.”

“अभयला?”

“त्यालाही.”

मग खाली बघत म्हणाले, “मी त्या लहान पोरीच्या घरी जाऊन आलो. माफी मागाया. बापानं दारातनंच परत पाठवला.”

ते कधी गेले, पत्ता कुठून काढला, मला काही माहीत नव्हतं. आईलाही नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ते पुढे जाऊन एकटे बसले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आईला वाटतं, हात दुखतोय.

शुक्रवारी मी चौकशीच्या ऑफिसात जाऊन दुसरा जबाब दिला. वायर मी जोडली, कुणाच्या सांगण्यावरून जोडली आणि बाबांनी आधीच नको म्हटलं होतं, हे सगळं लिहिलं. तुझं नवं ड्रॉइंगही सोबत जोडलं. जबाबाची एक प्रत डेपोतल्या साहेबांना दिली. त्यांनी वाचली आणि महिनाअखेरीस राजीनामा द्यायला सांगितलं. त्यांचं काही चुकलं नाही, बॅटरीला असा हात लावणारी बाई मीही ठेवली नसती.

तुला बोलावणं येईल. वकील घेऊन ये किंवा एकटा ये, पण त्या बोटीत तोवर माणसं बसवू नकोस. बाकी सगळं तू विसरलास तरी चालेल, हे मात्र विसरू नकोस.

बाबांना मी सांगितलं. ते माझं काम होतं. आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. तिला तू सांगायचंस, घरी येऊन, तिच्यासमोर बसून.

ती आत्ताच विचारून गेली, कुणाला लिहितेस. म्हटलं, दादाला. म्हणाली, माझा आशीर्वाद लिही आणि वेळेवर जेवत जा म्हणावं.

लिहिला.

दीक्षा