साठ गोळ्या आणि एक हुद्दा

४ मार्च, सकाळ
ही वही माझी. मी बोलायचं, सूनबाईने लिहायचं आणि लिहिलेलं परत वाचायचं नाही, असं ठरलंय. मला तर वाचताच येत नाही. म्हणजे गुपित पक्कं.
ह्यांच्या गोळ्या साठ उरल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिनाभर. अकरा वर्षांपूर्वी माझी एक किडनी काढून ह्यांना बसवली, ती टिकवायच्या या गोळ्या. मी दिलेलं बाकी सगळं ह्यांनी हरवलं, छत्र्यांसकट. ही तेवढी सांभाळली.
औषधवाला म्हणतो, पुढचा माल येणार नाही. बाहेरच्यांनी आपल्या देशावर निर्बंध घातलेत. मी विचारलं, औषधावरही? छे छे, म्हणाला, औषधाला कायद्यात सूट आहे. फक्त तिकडची बँक आपल्याकडचे पैसे घेत नाही आणि जहाजवाला आपलं नाव ऐकलं की दुसरीकडे वळतो. म्हणजे जेवायला या, पण पत्ता विचारू नका.
संकल्प: महिन्याच्या आत गोळ्या घरात.

७ मार्च
सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर वकीलबाईंचं ऑफिस. बाहेरदेशची एक संस्था रुग्णाच्या नावाने गोळ्या पाठवते, त्याचा फॉर्म भरला. रुग्ण पूर्वी कुठे नोकरीला, हुद्दा काय? हे तीस वर्षं बंदराच्या मागच्या फाटकावर पहारेकरी. सूनबाई तेच लिहायला निघाली. थांबवली. पहारेकऱ्याला कोण विचारतो? माणूस मोठा दिसला की फाईल वर सरकते. म्हटलं, लिही, बंदर सुरक्षा प्रमुख.
आई, हे खोटं आहे, म्हणाली. खोटं कसं? त्या फाटकावर दुसरं कोण होतं? एकटा माणूस, तोच प्रमुख.
वकीलबाई फोनवर होत्या. मी अंगठा उठवला. सुरेख उठला.

१५ मार्च
अडतीस.
उत्तर नाही. याचा अर्थ मोठ्या साहेबाच्या टेबलावर पोचलं. शेजारणीला सांगून टाकलं, तुझ्या भावालाही याच गोळ्या लागतात ना, आमच्यातली दोन पाकिटं देईन. ती रडली. मला भारी वाटलं.

२१ मार्च, दुपारी साडेतीन
सव्वीस. पार्सल अडवलं.
वकीलबाईंचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. आजी, हे काय लिहिलंत? निर्बंधांच्या यादीत माणसांसोबत हुद्देही आहेत. बंदर सुरक्षा प्रमुख तिसऱ्या नंबरवर. तिकडच्या बँकेच्या यंत्राने शब्द वाचला आणि सगळं गोठवलं.
मी म्हटलं, यंत्राला सांगा, ते फाटकावरचे आहेत. त्या डोक्याला हात लावून बसल्या. कमजोर दिसतात. काही खात नसाव्यात.

२४ मार्च
वीस.
बंदरातून दाखला आणला. साहेबाने उभ्या उभ्या शिक्का मारून दिला, रुग्ण पहारेकरीच होता. कोण म्हणतं कामं होत नाहीत?
संध्याकाळी वकीलबाई म्हणाल्या, चालणार नाही. अख्खं बंदरच यादीत आहे, त्याचा शिक्का तिकडे धरत नाहीत. तिकडच्या वकिलाला अर्ज करावा लागेल. पण आपलं काम हातात घ्यायला त्याला आधी परवानगी लागते आणि परवानगीला सहा-सात आठवडे.
मी बोटांवर दिवस मोजले. मग मोजायचं सोडलं.

२७ मार्च
चौदा. युक्ती सुचली. आजपासून दिवसाला एकच गोळी. किडनी माझी, तिची सवय मला माहीत. लहानपणापासून थोडक्यात भागवणारी आहे.
सूनबाईने दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई फोनवरच ओरडल्या, अजिबात करू नका. मग मी विचारलं, दोन-दोन दिल्या तर आठवड्याने संपतील, पुढे काय देऊ ते सांगा. दुसऱ्या गोळ्या शोधते, म्हणाल्या.
सूनबाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. वही मात्र लिहिते आहे.

९ एप्रिल
शेवटची. एकेक करूनच इथवर पुरवल्या.
दुसऱ्या गोळ्याही कुठे नाहीत. वकीलबाईंनी माझ्याकडून कागद करून घेतला: मी, रुग्णाची बायको, फुशारकीपोटी चुकीचा हुद्दा सांगितला. अंगठा पुसट आला. शाई कमी होती.

१६ एप्रिल
ह्यांचे पाय सुजलेत. बूट घट्ट असणार. मी रुंद चपला आणल्या.
त्याही होत नाहीत.

२० एप्रिल
रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई आकडा सूनबाईला सांगत होत्या, मला नाही. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मला सूनबाईच्या पाठीवरून कळलं.
शेजारीण जिन्यात भेटली. पाकिटांचं विचारलं नाही. मान खाली घालून गेली.

४ मे, सकाळ
तिकडून पत्र आलं. सूनबाईने दोनदा वाचून दाखवलं. रुग्ण यादीतला नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, गोळ्या रवाना करत आहोत.
त्या आता लागणार नाहीत. डॉक्टरीणबाईंनी परवाच सांगितलं, किडनी बंद पडली. आता मशीनवर रक्त धुवायचं. आठवड्यातून तीनदा हवं, मिळतं एकदा. मशीनच्या गाळण्या बाहेरून येतात. त्यांनाही कायद्यात सूट आहे.
पाकिटं आली की शेजारणीच्या भावाला द्यायची, असं मी सांगून ठेवलंय.

संध्याकाळ
हुद्दा मी सांगितला होता, हे ह्यांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, चूक तिकडच्या यंत्राची. मशीनवर पडल्या पडल्या सिस्टरला ऐटीत सांगत होते, माझ्या नावाला अख्खी बँक घाबरली, बघा. सिस्टर हसली. मीही हसले. सूनबाई नाही हसली.
घरी येताना तिला म्हटलं, एवढं वहीत नको घालूस.
म्हणाली, आई, तुम्ही सांगाल तेच लिहीन. फॉर्मवरही तेच केलं. तेव्हा ऐकायला नको होतं मी.
मग म्हटलं, लिही.