दुसऱ्या भागातला जिवंत माणूस

उचगाव, सोमवार

प्रिय नृसिंहभाऊजी,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नका. तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. परवा राजारामपुरीत तुमच्या क्लासच्या जिन्यापर्यंत आले होते. वर तुम्ही मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवत होता. मुलांसमोर तमाशा नको म्हणून परत फिरले. कागद तरी तुम्ही वाचाल, तुमचा धंदाच कागदाचा.

तुमच्या कादंबरीचा दुसरा भाग वाचला. छपाई देखणी आहे. मुखपृष्ठावर लोखंडी चिलखतातले सैनिक, मागं जांभळं जंगल, वर दोन चंद्र. परग्रहावर नदी ओलांडताना विक्रांत वाहून जातो, त्याची तुकडी त्याला शोधायला त्या जंगलात उतरते आणि शेवटी जिवंत घेऊन येते. वा! खोलीत पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणं तुम्हाला छान जमतं. विक्रांत म्हणजे तुमचा दोस्त, माझा नवरा सम्राट, हे उचगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुकडीनं सम्राटलाही शोधलं होतं, भाऊजी. एकवीस दिवस. पूर्वेकडच्या जंगलात गस्तीवर चौघे गेले होते, नदीला लोंढा आला, तिघे परत आले. त्यांच्याकडे तुमची उडती यंत्रं नव्हती, एवढंच.

पहिल्या भागाच्या वेळी मला तुमचं कौतुक होतं. सम्राट रजेवर आला की तुमच्या गच्चीत बसून सगळं सांगायचा आणि तुम्ही ते उचलून ग्रहावर नेऊन ठेवायचा. आयत्या पिठावर रेघोट्या, असं मी चिडवलं तर तो म्हणायचा, "लिहू दे की गं त्याला, मला कुठं लिहाय येतंय!" त्यात विक्रांतचा खांदा निखळतो आणि तो आईपासून लपवतो, ते आठवतं? आक्कांना, सासूबाईंना, दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवत होते. तिथं आल्यावर आक्का उठल्या, सम्राटला फोन लावायला सांगितला आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं. खांदा खरंच निखळला होता. आम्हाला घरी पत्ता नाही आणि तुमच्या पुस्तकात छापून आलेलं. तेव्हा सगळे हसलो. आक्कांनी मात्र तेव्हापासून मनात धरलं, की नृसिंहच्या पुस्तकात येतं ते खरं असतं.

त्यांना हसू नका. फौजेतल्या पोराची आई चौदा वर्षं कोड्यातच बोलत असते. सम्राट फोनवर ठिकाण कधी सांगायचा नाही. 'मामाच्या गावाला चाललोय' म्हणजे सीमेवर, 'मामीला बरं नाही' म्हणजे आता फोन लागणार नाही. आक्का कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मामीच्या तब्येतीचं सांगायच्या आणि डोळे पुसायच्या. अशा बाईला तुमचा परग्रह म्हणजे काय वाटणार?

सहा वर्षं झाली. देह मिळाला नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून पंचगंगेवर अग्नी दिला, तेव्हा तुम्ही होता. पुतळ्याला सम्राटचा निळा शर्ट आक्कांनीच घातला. त्यानंतर तुम्ही आमच्या दारात आला नाहीत. राजारामपुरी ते उचगाव, सिटी बसनं अर्धा तास. तुम्हाला परग्रह जवळ वाटला.

तुम्हाला माहीत नसलेलं एक सांगते. माझं लग्न ठरलं होतं. मी ठरवलं नव्हतं, आक्कांनी ठरवलं. शाहूवाडीचे राजवीर, भातशेती करतात, पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मी वर्षभर नाही म्हणत होते. आक्का म्हणाल्या, "मी जित्ती हाय तवर तुझं घर बघून जाऊ दे की मला." शेवटी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडले. भात कसा लावतात ते शिकवेन म्हणाले, तेव्हा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला नोंदणी होती.

आणि तुमचं पुस्तक टपालानं आलं. तुम्ही स्वतः आला नाहीत, पुस्तक पाठवलंत. पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका, 'सम्राटला, तू जिथं असशील तिथं.' आक्कांनी ती ओळ चारदा वाचून घेतली. शेवटच्या प्रकरणात तुकडीला विक्रांत सापडतो तो एका दोरीच्या गाठीवरून, डाव्या हातानं मारलेली गाठ. ती गाठ सम्राट वासराच्या दाव्याला मारायचा. आक्का म्हणाल्या, "ग्रह-बिरह काय न्हाय गं. फौजेचं गुपित हाय, म्हणून त्यानं दोन चंद्र काढल्यात. पोरगं घावलंय माझं." मी पुतळ्याची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "गवत जाळलं आपण, त्याला न्हाय."

त्यांनी ट्रंकेतून माझं मंगळसूत्र काढलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातलं. राजवीरांना फोनवर सांगितलं, "पावणं, आमचा ल्योक यायचा हाय." मग ते मला वेगळा फोन करून एवढंच म्हणाले, की तुम्ही सांगाल तसं. काय सांगू मी?

आता या पत्राचं कारण. रविवारी सकाळी या. आक्कांच्या पायाशी बसा आणि सांगा की मी हे मनानं रचलं, सम्राट गेला. पुस्तकात तुम्ही त्याला वाचवलंत, आता इथं येऊन तुम्हीच मारा. मला ते जमत नाही. कारण ते शेवटचं प्रकरण मला गाळता आलं असतं. आक्कांना काय कळणार होतं? पुढं काय होणार ते दिसत असूनही मी ते मोठ्यानं वाचलं, आणि त्या झोपल्यावर पुन्हा एकदा, माझ्यासाठी वाचलं. मंगळसूत्र काढून ठेवणं सोपं आहे, आक्का दुपारी झोपतात. आठ दिवस झाले, मी काढलेलं नाही. म्हणून त्यांच्याआधी मला सांगा, दारातच, चप्पल काढायच्या आत. भाऊजी, तुम्हाला खरंच काही कळलेलं नाही ना?

तुमची, कुणाची तरी बायको असलेली वहिनी,
अस्मिता