गाडीचं नाव घ्यायचं कसं?

मु. पो. हिंगणवाडी, जि. सातारा
ता. ९ फेब्रुवारी १९७४

राजमान्य राजेश्री आप्पासो पाव्हणे, मुक्काम सांगली, यांस जोतिबाचा रामराम. तुमचा गुडघा, वैनीसाहेबांचा खोकला आणि नवी म्हैस, तिन्हींची खुशाली कळवावी. हळद शिजवायला काढली असेल तर धुरात फार वेळ बसू नये. इकडे ऊस तुटून गेला. मी धडधाकट आहे. स्वयंपाक माझा मीच करतो आणि तो उत्तम होतो (भाकरी गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर कोण बघायला येतंय). गेल्या मंगळवारी एस.टी.नं आणखी एक व्यक्ती तुमच्या दारात उतरली असेल, तिचीही प्रकृती बरी असावी. मुद्दाम विचारत नाही, ओघात आलं म्हणून लिहिलं.

त्या व्यक्तीनं, म्हणजे तुमच्या भगिनीनं, तुमच्या कानावर काय घातलं असेल याची मला कल्पना आहे. पण तुम्ही जाणते आहात, एका बाजूचं ऐकून निकाल देणार नाही, म्हणून खरी हकीकत पहिल्यापासून कळवतो. महिन्यामागं आमच्या स्टेशनात एक कागद लागला. रेल्वे नवी एक्सप्रेस सोडणार आहे, तिला लोकांनीच नाव सुचवावं, म्हणजे लोकांना रेल्वे आपली वाटेल आणि ते एस.टी. सोडून गाडीत बसतील. एका गावानं एकच नाव पाठवायचं. ज्याचं नाव पसंत पडेल त्याला दोन माणसांचा पास, देशात कुठंही जावं. आता गाड्यांना नावं ठेवण्यात आमचा गाव पहिल्यापासून पटाईत. छोटी लाईन होती तेव्हा तिला ठेवली, मोठी आली तेव्हा मोठीला ठेवली. पण या कामाला बक्षीस असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर ज्यांनी जन्मात पोस्टकार्ड लिहिलं नाही तेसुद्धा कानाला पेन्सिल लावून हिंडायला लागले.

डेअरीच्या ओट्यावर सभा भरली. सोसायटीचे चेअरमन लालासाहेब यांनी पहिलं नाव सुचवलं, ‘लाल एक्सप्रेस’. का, तर म्हणे सिग्नल लाल असतो. (सिग्नल लाल असला की गाडी उभी राहते, हे चेअरमनना सांगायची कोणाची छाती होती?) मग हेडमास्तर उठले. त्यांनी ‘वायुवेगगामिनी’ असं नाव काढलं आणि ते स्वतःच दोनदा अडखळले. म्हसवडकडचे धनगर नानासो लेंडीखतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवायला आलेत, ते कोपऱ्यात तंबाखू मळत होते. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, त्या नावाचं तिकीट मागस्तवर मी मेंढरं घिऊन चालत पुन्याला पोचतुय.’’ मास्तर त्यानंतर आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. गावाला तेवढाच आराम मिळाला.

अशा अडाण्यांच्या गर्दीत एक शहाणं नाव मी दिलं. ‘जोतिबा एक्सप्रेस’. डोंगरावरचा जोतिबा हे आपल्या सगळ्यांचं दैवत, नाव सुटसुटीत, लहान पोरालाही म्हणता येईल. ते माझंही नाव आहे हा योगायोग. आईबापांनी ते ठेवलं तेव्हा त्यांना रेल्वेची योजना कुठं माहीत होती? पण गावाचं मन किती कोतं बघा. दोघेतिघे तोंडावर टॉवेल धरून हसले. लालासाहेब तर म्हणाले, ‘‘आरं जोतिबा, मग इंजिनावर तुजा फोटूबी लावायचा का?’’ मी अठरा वर्षं पलटणीत काढलेला माणूस, असल्या बोलण्याला भीक घालत नाही. असं महिनाभर चाललं. शेवटी गेल्या मंगळवारी पुन्हा सभा भरवून हात वर करून मतं घेतली आणि नाव माझंच निघालं. (गावात माझ्याशिवाय आणखी पाच जोतिबा आहेत, त्यांनी दोन्ही हात वर केले.)

इथं लालासाहेबांनी डाव टाकला. म्हणाले, नाव चांगलंय, पण आपल्या बायाबापड्यांना खिडकीवर तिकीट मागता आलं पाहिजे. सहा जोतिबांच्या सहा बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढणार कशा? तेव्हा आधी परीक्षा घेऊ. लगेच डेअरीची दुधाची खिडकी ती तिकिटाची खिडकी झाली, मास्तर आत बसले आणि सहा जणींना रांगेत उभं केलं. तुमच्या भगिनी सगळ्यात मागं होत्या. (त्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून लग्नातलं इरकली लुगडं काढून दोरीवर टाकलं होतं. मी विचारलं, कोणाचं लग्न आहे? त्या लुगड्याच्या सुरकुत्या काढत राहिल्या. बायकांना ऊन दिसलं की लुगडी आठवतात.)

पहिली म्हणाली, ‘‘आमच्या धाकल्याच्या बाच्या नावाची गाडी.’’ मास्तर म्हणाले, अशी गाडी टाइमटेबलात नाही. दुसरी म्हणाली, ‘‘डोंगरावरच्याची.’’ मास्तर म्हणाले, कुठल्या डोंगरावरच्याची? डोंगर पुष्कळ आहेत. मग कुठल्याशा म्हातारीनं तोड सुचवली की उखाण्यात नाव घ्यायला काही दोष नाही. झालं! तिकीट राहिलं बाजूला आणि हळदीकुंकू सुरू झालं. एकीनं उखाणा घेतला की ओट्याखालच्या बाया ‘आणिक एक, आणिक एक’ करून ओरडायच्या. मास्तरांनी घड्याळ लावलं होतं. पाच तिकिटांना बावीस मिनिटं लागली. गाडी आमच्याकडे दोन मिनिटं थांबते.

राहिल्या तुमच्या भगिनी. त्या खिडकीशी गेल्या आणि गप्प उभ्या राहिल्या. सगळा गाव बघतोय, लालासाहेब मिशीत हसतोय. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, अगं, देवाचं नाव आहे, घे की! तेव्हा त्यांनी मास्तरांकडं न बघता माझ्याकडं बघून एक उखाणा घेतला. तो काही लक्षात ठेवण्यासारखा नव्हता आणि माझ्या लक्षातही नाही. कोणी ‘आणिक एक’ म्हणालं नाही. त्या घरी गेल्या, दोरीवरचं लुगडं बोचक्यात बांधलं आणि दुपारच्या एस.टी.नं सांगलीला निघून आल्या. रेल्वेच्या प्रचाराला आमच्या घरातून लागलेला हातभार तो एवढा.

आता सगळ्यात मोठा शहाणपणा ऐका. दुसऱ्या दिवशी नानासो मेंढरं हाकत स्टेशनावरून चालले होते. त्यांनी स्टेशनमास्तरांना सहज विचारलं, ‘‘आवं सायेब, ही नवी गाडी हितं थांबनार हाय न्हवं?’’ ते म्हणाले, नाही, एक्सप्रेस आहे, सरळ जाणार. चेअरमन, हेडमास्तर, मी, एवढी जाणती माणसं महिनाभर भांडली आणि हा प्रश्न पडला मेंढरामागच्या माणसाला! आम्ही कागद न भरता परत दिला. लालासाहेब आता म्हणतात की त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

बाकी सर्व ठीक. वैनीसाहेबांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचे दाजी,
जोतिबा

ता. क. वरचं सगळं त्या व्यक्तीला वाचून दाखवू नये. तिच्या मनात नाही नाही ते यायचं. ती केव्हा परत येणार एवढं मात्र तुमच्याच मनानं विचारल्यासारखं करून विचारावं. घाई नाही. पण उलट टपाली कळवावं.

ता. क. २. तो उखाणा लक्षात नाही असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. असा होता:
‘आगीनगाडी निघून गेली, फलाटावर उरला धूर,
जोतिबारावांचं नाव घेते, दर खेपेला जाती दूर.’
पास दोन माणसांचा होता, पाव्हणे. आदल्या संध्याकाळी माझा पलटणीतला जोडीदार मानसिंग चहाला आला होता. त्याला मी म्हणालो, पास मिळू दे, आपण दोघं दिल्ली बघून येऊ. चहा तिनंच आणून दिला होता. सकाळी तरीही तिनं लुगडं उन्हात टाकलं. माझं ते बोलणं कानावर पडल्यावरसुद्धा टाकलं, हे मला आता भाकरी थापताना सुचतं आहे. अठरा वर्षं दर सुट्टी संपली की ती डोक्यावर पदर घेऊन मला पोचवायला स्टेशनात यायची. आमच्या स्टेशनातून गेलेली प्रत्येक गाडी तिनं बाहेरून बघितली आहे. आत एकदाही चढलेली नाही. मला लाज वाटते. हे कोणाला सांगू नये, लालासाहेबांचा चुलतभाऊ सांगलीत असतो.

ता. क. ३. पुढच्या रविवारी, ता. १७ला, सकाळच्या पॅसेंजरनं मी येतो. तिला लुगडं नेसवून सांगली स्टेशनावर आणावं. दोन तिकिटं मी काढीन, गाडीनं कोल्हापूर आणि तिथून डोंगरावर. कुठं चाललात असं कोणी विचारलं तर तिची पंचाईत होणार, तेव्हा ते मीच सांगेन.

ता. क. ४. एवढं मात्र वाचून दाखवा. तिनं नाव घेतलं, म्हणून मीही तिच्या नावाचा उखाणा जुळवायला बसलो होतो. चार दिवस झाले, जुळत नाही. पण त्यात एक गोष्ट ध्यानात आली. बावीस वर्षं मी तिला ‘अगं’ म्हणतो, ‘ऐकलं का’ म्हणतो, पलटणीतून पत्रं पाठवली तीही ‘घरी कळवावे’ अशी. या पत्रातसुद्धा तिचं नाव वरती कुठं सापडतं का बघा. गाडीला नाव द्यायला मी महिनाभर भांडलो. उखाणा राहू दे, पाव्हणे. नाव तेवढं मोठ्यानं वाचा, आणि मी लिहिलंय म्हणून सांगा:

साळूबाई.