पुलीवरची रेघ

ॲडम्सटाउन, डब्लिन
फेब्रुवारी २०१९

प्रिय वृंदा,

रविवारी तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी रोहित म्हणाला, निदान त्या गाडीचा आवाज तरी बंद कर. तुझी ती फिनलंडमधली स्नोमोबाइल, जी सगळा जानेवारी अर्ध्या टेकडीवर धापा टाकत बसायची, ती बर्फ उडवत सरळ माथ्यावर गेली आणि वर पोचल्यावर तू हेल्मेट काढून दोन्ही हात वर केलेस. खाली तुझा निरोप होता, की हेल्मीने कमाल केली, नेमकं घोडं कुठे अडत होतं ते तिनेच शोधून काढलं, बाईच्या हातात जादू आहे; आणि आता मार्चमधल्या शर्यतीला तू बघायला ये ना. मी नुसता अंगठा पाठवला. त्यापुढे काय लिहावं ते सुचेना, आणि सुचलं तेव्हा ते व्हॉट्सॲपवर मावेना. शिवाय तिथे तू मला मध्येच तोडतेस. म्हणून हे पत्र. आधी सरळ सांगून टाकते, मला तुझा हेवा वाटतो. ‘कित्ती लकी गं तू’ असं म्हणून आइस्क्रीम खाताना वाटतो तसला लाडिक हेवा नव्हे. चांगला पोटात दुखणारा.

इथे आमचं सगळं ठीक आहे. इथल्या भाषेत ‘ग्रँड’. आयरिश माणूस पाय मोडून पडला तरी ग्रँडच असतो, तसं आता मलाही जमायला लागलंय. रोहित रोज सिटीवेस्टला ऑफिसात जातो. मी त्या कारखान्यात जाते, जिथे इंजेक्शनच्या सुया पाकिटात बंद होतात. पाकिटं नीट चिकटली का हे एक यंत्र तपासतं आणि त्या यंत्राची कागदपत्रं मी तपासते. यंत्राला हात लावायचा नाही, लावलाच तर आणखी कागद तयार होतात. पहिली दोन वर्षं कामाचं परमिट नव्हतं म्हणून घरात बसले होते, त्या मानाने हे उत्तमच, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. पण संध्याकाळी हात धुताना साबणाला काळं काही लागत नाही गं. तुझ्या फोटोत तुझी नखं पाहते तेव्हा पहिला चरका बसतो तो त्या नखांतल्या काळ्या ग्रीसचा. बर्फ, आकाशातले ते हिरवे दिवे, ती लाल लाकडी घरं, ते सगळं मला नको आहे. तुझं तुला लखलाभ.

बर्फाचं म्हणशील तर मागच्या मार्चमध्ये आमच्याकडेही पडला होता. अख्खा देश बंद. दुकानांतला पाव संपला, लोकांनी कचऱ्याच्या डब्यांची झाकणं घेऊन रस्त्याच्या उतारावर घसरगुंड्या केल्या. शिवांगीला झाकणावर बसवून मी ढकलत होते आणि डोक्यात काय चाललं होतं, तर हा उतार चढायला गाडीला किती जोर लागेल, पुलीत कोणती वजनं लावावी लागतील. तुला मोठ्या हौसेने फोटो पाठवला. तू हसून लिहिलंस, याला आम्ही बर्फ म्हणत नाही, पावडर लावणं म्हणतो. बर्फावरून चिडवलंस त्याचं काही वाटलं नाही. ‘आम्ही’ मात्र लागलं. तुझ्या वाक्यातल्या ‘आम्ही’मध्ये इतकी वर्षं मी होते, आणि त्या दिवशी कळलं की आता तिथे हेल्मी आहे.

वृंदा, आपल्या इंजिनिअरिंगच्या वर्गात दोनच मुली होत्या. बाकी सगळे मिशा फुटलेले वीर. त्यांच्याकडे मोटरसायकली, आपल्याकडे तुझ्या बाबांची गिअर नसलेली म्हातारी स्कूटर. गाडीला गिअर नाही आणि पोरींना अक्कल नाही, असं तो मुरलीधर कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला होता. त्यानंतर आपण त्या स्कूटरचं पोट उघडलं. आत दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक रबरी पट्टा. इंजिन जोरात फिरलं की पुलीतली वजनं बाहेर सरकतात, पुली मिटत जाते, पट्टा तिच्या गालावरून वर चढतो आणि न मागता गिअर बदलतो. किती साधं आणि किती सुंदर! वजनं हलकी केली की चढाला इंजिन मोकळं फिरतं, फारच हलकी केली की नुसता आरडाओरडा. नाना पेठेतून जुन्या स्कूटरांची वजनं गोळा करून आपण ती आईच्या साबुदाण्याच्या डब्यात ठेवली होती आणि केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या तराजूवर चोरून जोखली होती. आई अजून विचारते, तो डबा नेमका कुठे गेला.

आणि ती रेघ. पुलीच्या गालावर आतून बाहेरपर्यंत काळ्या मार्करने रेघ ओढायची, झाकण लावायचं, गाडी चढावर पिळायची आणि मग उघडून बघायचं. पट्टा जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली, पुढे तशीच. पट्टा आत काय करतो हे कुणाला दिसत नाही, पण रेघ सांगते. हे मला सुचलं होतं. आपलं ठरलेलं होतं, तू गाडी चालवायचीस आणि मी तिची वजनं लावायचे. कात्रजच्या जुन्या घाटात गाडी सुरू करण्याआधी मी रेघ ओढायचे, तुला दाखवायचे, तू मान डोलवायचीस आणि मगच मी झाकण लावायचे. माझ्या रेघेशिवाय तू किक मारत नव्हतीस. मुरलीधरला तिसऱ्या वळणावर मागे टाकलंस तेव्हा तो तुझ्याकडे बघत राहिला, माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. कारण तू गाडीवरून उतरून आधी माझ्याकडे आली होतीस.

आता तुझ्या गोठ्यासारख्या त्या शेडमध्ये हेल्मी असते. तुझ्या ऑफिसातली हेल्मी, तुझ्याबरोबर ती जुनी गाडी विकत घेणारी हेल्मी, तुला कॉफी करून देणारी हेल्मी. तुझं स्टेटस उघडावं तर गुडघ्यावर बसलेली, दातात पाना धरलेली हेल्मी. माझी सवतच म्हण ना! मागे ऑफिसात नोरीनला तुझे फोटो दाखवत होते, तर ती म्हणाली, ही दुसरी बाई भारी दिसते, हिच्याबरोबर काय क्रॅक असेल, म्हणजे इथल्या भाषेत धमाल! मी फोन पर्समध्ये टाकला. तुझी गाडी चढत नाहीये हे मला तुझ्या स्टेटसवरूनच कळायचं. आज वजनं बदलली, आज स्प्रिंग बदलली, आज पुन्हा वजनं. शर्यत जवळ येत चाललेली आणि मला एका शब्दाने विचारणं नाही. हेल्मीची मात्र अगदी डोक्यावर बसवून आरती. परवा जेवताना तुझ्याबद्दल काहीतरी कडू बोलले असेन. शिवांगी, जिला मराठीतलं सगळं समजतं पण जी उत्तर मात्र इथल्या सुरात देते, ताटातून मान वर न करता म्हणाली, “मम्मा, आर यू जेलस?” रोहितने घाईघाईने आमटी वाढून घेतली.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. जानेवारीच्या शेवटी मला हेल्मीचा फोन आला होता. नंबर तिने तुझ्या फोनमधून घेतला, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. तुटक, ताठ इंग्रजी. आधी वाटलं, तुला काही झालं की काय. तर ती म्हणाली, “या शेडमध्ये सकाळ-संध्याकाळ तुझं नाव असतं. अश्लेषाने असं केलं असतं, अश्लेषाला हे कळलं असतं. मला कंटाळा आलाय त्या नावाचा. तूच सांग, काय करू?” मी म्हटलं, मग वृंदा मला का विचारत नाही? ती म्हणाली, वृंदा म्हणते की गाडीचा विषय काढला की तू गप्प होतेस, मग तिला वाईट वाटतं. म्हणजे मी इथे जळत होते, ती तिथे माझ्यावर जळत होती, आणि तू आमच्या दोघींच्या मध्ये बसून वजनं बदलत होतीस. हेल्मीला माझा हेवा वाटतो हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी लगेच भलतीच उदार झाले. म्हटलं, मार्करने रेघ ओढ, टेकडीवर ने आणि फोटो पाठव.

फोटोत अर्धी रेघ तशीच होती. इंजिन मात्र जितकं फिरायला हवं तितकंच फिरत होतं, असं हेल्मी म्हणाली. म्हणजे वजनं बरोबर होती! तू कात्रजचं औषध फिनलंडला देत बसली होतीस, कारण स्कूटरमध्ये आपल्याला बदलायला दुसरं काही नव्हतंच. पण या गाडीत पुलीच्या पुढे साखळी आहे आणि साखळीची दोन दातेरी चक्रं आहेत, एक वर, एक खाली. मी विचारलं, गाडी आधी कुणाची होती? तर एका मासेवाल्या आजोबांची, गोठलेल्या सपाट समुद्रावर पळवायला. त्यांनी वेगासाठी वरचं चक्र मोठं बसवलेलं. खोल बर्फातल्या चढावर ते ओढायला इंजिनात दम कुठून येणार, मग पट्टा अर्ध्यावरच थांबतो. मी सांगितलं, वजनांना हात लावू नका, वरचं चक्र दोन दात लहान घाला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळ्या बरोबर गेल्या. पुढच्या फोटोत रेघ काठापर्यंत पुसलेली होती. तिने फोन केल्याचं तुला कळू देऊ नको, असं हेल्मीने विनवलं. मी म्हटलं, चक्राचंही तूच सुचवलंस म्हण, माझं नाव कशाला? शपथ घेतली. आणि ती मी पाळणार होते गं, अगदी मनापासून. पण रविवारी तू लिहिलंस की हेल्मीने शोधून काढलं, बाईच्या हातात जादू आहे, आणि माझं मोठं मन तिथेच संपलं. ते दोन दात माझे आहेत, वृंदा. तिच्यावर रागावू नकोस, चक्र बदलताना बोटं तिचीच गारठली असतील. पण शर्यतीला मी ‘बघायला’ येणार नाही. व्हिसाचा अर्ज हेल्मीच्या फोननंतर लगेच केला होता, शिक्क्याचा पासपोर्ट आज हातात पडला, रजा मिळाली आहे, शिवांगीला रोहित सांभाळेल. हेल्मीला म्हणावं, पाने तुझे, गाडी तुमच्या दोघींची, कॉफीसुद्धा तूच कर. फक्त शर्यतीच्या सकाळी पुलीचं झाकण उघडं ठेवा आणि मी पोचेपर्यंत किक मारू नका. मार्कर माझ्या पर्समध्ये आहे.

तुझीच, आणि हेल्मीच्या आधीची,
अश्लेषा